कोणते गायकवाड?

नालासोपारा, विरारकडे भाड्याने जागा शोधणाऱ्या आपल्या पोरांना एजंटची पद्धत आता पाठ झाली आहे. आडनाव कांबळे सांगितले की तो फार काही विचारत नाही. "मालकाशी बोलून कळवतो" म्हणतो आणि नंतर फोन उचलत नाही. गायकवाड सांगितले की मात्र त्याची पंचाईत होते. मग खडा टाकून बघतो, "गायकवाड म्हणजे कोणते?" सम्राट अशोकाचे शिलालेख ज्या सोपाऱ्यात सापडले, तिथे ही चौकशी चालते!

त्याच पोराच्या मोबाईलवर 'गायकवाड घराण्यातील थोर रत्ने' छापाची यादी येऊन पडलेली असते. महाराजा सयाजीराव, कर्मवीर दादासाहेब, 'उचल्या'चे लेखक लक्ष्मण गायकवाड, खाली दोन-तीन क्रिकेटपटू. सगळे एका माळेत. आमचा आक्षेप 'घराणे' या शब्दाला आहे. घराणे एक असते तर रोटीव्यवहारही झाला असता.

सयाजीराव जन्मले मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्यात. दादासाहेब दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. जिल्हा एकच, नाशिक, आडनावही एकच. पण मराठा शेतकऱ्याघरचा गोपाळ १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला, आणि महार म्हणून जन्मलेल्या दादासाहेबांना २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे सत्याग्रह करावा लागला. लक्ष्मण गायकवाडांच्या जमातीवर तर इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार असा शिक्काच मारला होता. आडनावाने यांच्यापैकी कुणाची जात झाकली?

सयाजीरावांचे ऋण आम्ही मानतो. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. बाबासाहेबांना एल्फिन्स्टनमध्ये असताना महिना २५ रुपये आणि १९१३ साली अमेरिकेसाठी शिष्यवृत्ती दिली. बाबासाहेब काही गायकवाड नव्हते, तरी दिली. पण त्याच महाराजांच्या बडोद्यात १९१७ साली नोकरीला गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून, दिवसाला दीड रुपया भाडे देऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांनी बाहेर काढले. राजा सुधारक होता, घरमालक नव्हते. शंभरहून अधिक वर्षे झाली, घरमालक अजून तेच आहेत.

म्हणून "बडोद्याचे गायकवाड" असे पुटपुटून खोली मिळवणाऱ्या पोराला आम्ही भित्रा म्हणणार नाही. डोक्यावर छप्पर लागतेच. लाज वाटायची तर विचारणाऱ्याला वाटावी.

पण यादी फॉरवर्ड करताना समोर कोणी एजंट उभा नसतो. तिथे दादासाहेबांच्या नावापुढे नुसते 'थोर समाजसेवक' लिहून मोकळे होणे आम्हाला मंजूर नाही. काळाराम कुठे गेला? १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह कुठे गेला, ज्यात दादासाहेबांच्या हाकेवर लोकांनी तुरुंग भरले? कसेल त्याला, भूमिहीनाला जमीन द्या, ही त्यांची मागणी होती. आपल्या पालघर जिल्ह्यातला आदिवासी वनजमिनीच्या पट्ट्यासाठी आजही मोर्चा काढतो. त्यातल्या कुणाचे आडनाव गायकवाड नसेलही. दादासाहेबांशी नाते मात्र यादीतल्या क्रिकेटपटूंपेक्षा त्याचेच जवळचे आहे.