झऱ्याचं पाणी आणि आमची सही

मैत्रिणींनो, २०१९ साली जलजीवन मिशन आलं आणि गावागावांत पाच-पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. बाईच्या हाती विज्ञान आलं म्हणून भाषणं झाली, फोटो निघाले. आमच्या वाडीतल्या पाचजणींत मी एक. आमचं पाणी डोंगरातल्या झऱ्याचं.

त्या पेटीत काय असतं? जडपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह असं काहीबाही मोजायची औषधं. आणि एक बाटली, जिच्यातलं पाणी काळं पडलं की समजायचं, जंतू आहेत. जिथे जुलाबानं पोरं दगावतात तिथे ही बाटली मोलाचीच. पण शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा यातलं काहीही आमची पेटी दाखवत नाही. तरी आमच्या वहीत रकाना आहे, ‘पाणी पिण्यास योग्य’. खाली सही बाईची.

मी सही करेना, तेव्हा कचेरीतले साहेब हसून म्हणाले, “डोंगरातलं पाणी ते, त्यात काय असणार? तुमच्या आज्या हेच पिऊन जगल्या.” आज्या जगल्या, खरं आहे. पण झरा काही आभाळातून थेट हंड्यात पडत नाही. पाणी खडकाच्या भेगांतून मुरत येतं आणि खडकात जे असेल, वर जे टाकलं असेल, ते सोबत आणतं. वर कोणी खाण काढली, जुन्या बॅटऱ्या फोडल्या, तर ते खाली आमच्या कळशीत. पाणी दिसतं नितळ, लागतं गोड. फडक्यानं गाळून धातू जात नाही आणि उकळून तर नाहीच. पाणी आटतं, धातू मागे राहतो.

आणि तो मुरतो कुठे? जपानच्या तोयामा भागात कामिओका खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीत उतरलं, तिथून भातात. माणसांची हाडं नुसत्या खोकल्यानं मोडू लागली. लोकांनी दुखण्याला नाव दिलं ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. रोगी बहुतेक बायका, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, अनेक बाळंतपणं झालेल्या. सरकारनं हा प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला १९६८ साली. तोवर त्या कण्हतच होत्या.

अंगात लोह कमी असलं की आतडी शिसं आणि कॅडमियम जास्त ओढून घेतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं! शिसं हाडांत साठतं, गरोदरपणात आणि अंगावर पाजताना कॅल्शियमबरोबर सुटतं, बाळापर्यंत जातं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, कॅडमियमची ०.००३. एवढं बारीक मोजायला प्रयोगशाळेतलं यंत्रच हवं.

आमच्याच काही जणी म्हणतात, “गप्प बस. धातू निघाला तर झऱ्यावर लाल पाटी लावतील, आणि हंडे घेऊन नदीवर कोण उतरणार, ते की आपण?” ही भीती मला साहेबांच्या हसण्यापेक्षा मोठी वाटते, कारण ती खरी आहे. म्हणून मागणी एकच नको. धातूंसाठी वेगळा नमुना घ्या, आम्ल घातलेल्या स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत. एकदा उन्हाळ्यात धार बारीक झाल्यावर, एकदा पहिल्या पावसानंतर. अहवाल ग्रामसभेआधीच्या महिला सभेत मराठीतून वाचा. आणि झरा बंद करायचा असेल तर त्याच दिवशी दुसरं पाणी दारात आणा.

तोवर मी सहीच्या वर लिहिते, ‘जंतू तपासले. धातू तपासलेले नाहीत.’ दोनदा वही परत आली. दोनदा तेच लिहून पाठवली. तुमच्या गावच्या वहीवर कोणाची सही आहे आणि कशाखाली, ते पाहून कळवा.