तार डोक्यात, कंपनी कुठे?

पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा जिवंत मासा कपाळाला लावायला सांगे. तेव्हा दुखऱ्या नसेला विजेने गप्प करण्याची कल्पना नवी नाही. नवी आहे ती तिची किंमत, आणि तिच्याभोवतीची जाहिरात.

उपचाराची टवाळी करायची नाही. डोक्याच्या मागच्या नसेजवळ तार बसवण्याचा वायनर आणि रीड यांचा अहवाल १९९९चा. कपाळाला चिकटवायच्या ‘सेफाली’ला अमेरिकेत २०१४मध्ये परवानगी मिळाली. काहींना आराम पडतो. भांडण आहे ते, गोळ्या जुन्या झाल्या, आता मशीन घ्या, या थाटाशी.

आगरदांड्याच्या माणसाचं काय होतं ते पाहा. गालात, जबड्यात क्षणभर वीज चमकावी तशी कळ. दात घासताना, घास चावताना, जेटीवर दिघीच्या बोटीची वाट पाहताना नुसता खाडीचा वारा लागला तरी. ही ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची लक्षणं. पण दुखतं जबड्यात, म्हणून माणूस जातो दातांच्या डॉक्टरकडे. अशात पुष्कळांची धडधाकट दाढ निघते. कळ जागच्या जागी. हिच्यावर कार्बामाझेपिन ही गोळी १९६०च्या दशकापासून चालत आली आहे. अनेकांना ती पुरते. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ती आहे. अंगावर पुरळ येतं का यावर लक्ष ठेवून, अधूनमधून रक्त तपासून द्यावी लागते, एवढंच. एवढं मुरूडच्या ग्रामीण रुग्णालयात व्हायलाच हवं. निदानासाठीच मुंबई गाठावी लागणार असेल, तर मशीनची चर्चा कुणासाठी चालली आहे?

बरं, गोळीने भागलं नाही आणि मशीन घेतलं. मग? क्लस्टर डोकेदुखीसाठी गालाच्या हाडामागे बसवायचं एक यंत्र कॅलिफोर्नियातल्या ऑटोनॉमिक टेक्नॉलॉजीज या कंपनीने काढलं. गालावर रिमोट धरला की ते चालायचं. सातशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतलं, कित्येकांना गुणही आला. २०१९मध्ये कंपनी बंद पडली. यंत्र चेहऱ्यात, आणि दुरुस्तीला कुणी नाही! ही गत युरोपातल्या रुग्णांची. आगरदांड्यात तार सरकली, जखम चिघळली, बॅटरी संपली, तर?

म्हणून विकणाऱ्याने आधी कागदावर लिहून द्यावं: निदान कुणी केलं, कोणत्या गोळ्या किती दिवस देऊन पाहिल्या, आणि उपयोग झाला नाही तर तार काढण्याचा खर्च कोण देणार.