महाविद्यालयांतला गॅस: आधी कुठला काढावा?

थंड देशांतील विद्यापीठे इमारती उबदार ठेवण्यासाठी नैसर्गिक वायू जाळतात आणि अलीकडे तो टप्प्याटप्प्याने बंद करू लागली आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2015 मध्ये वायूवरचे आपले वीज-उष्णता केंद्र बंद केले. इमारती थंड करताना बाहेर टाकली जाणारी उष्णता तिथे हीट पंपाने पुन्हा कामाला लावली जाते. याउलट आपल्याकडे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. वर्ग तापवण्याचा प्रश्नच नाही, तेव्हा गॅस काढण्याची चर्चा इथे गैरलागू, असा आक्षेप सहज घेतला जातो.

तो अर्धाच खरा आहे. उल्हासनगरच्या 1965 पासूनच्या चांदीबाई महाविद्यालयासारख्या जुन्या संस्था असोत की बदलापूरकडची नवी महाविद्यालये, त्यांना वर्ग तापवायला शेगडीची गरज पडत नाही. पण रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, कॅन्टीन आणि जिथे वसतिगृह असेल तिथले आंघोळीचे पाणी या ठिकाणी सिलिंडरचा किंवा नळाचा गॅस जळतोच. महानगर गॅसचे वितरणक्षेत्र या तिन्ही शहरांपर्यंत आलेले आहे. आज नव्या इमारतीत टाकलेली नळी पुढची वीस-पंचवीस वर्षे वापरली जाणार, हे उघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: महावितरणची वीज मुख्यतः कोळशाची, मग गॅस सोडून विजेवर जाणे म्हणजे धूर इथून उचलून चंद्रपूर-कोराडीच्या औष्णिक केंद्रांकडे नेणे. आकडे या आक्षेपाच्या बाजूने आहेत. देशाच्या ग्रिडमधील एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर तेवढीच उष्णता देणारा नैसर्गिक वायू जळताना सुमारे 200 ग्रॅम. म्हणजे गॅस गिझर काढून साधा विजेचा गिझर बसवणे हा आजच्या घडीला तोट्याचाच सौदा. ‘सगळे विजेवर’ ही घोषणा जशीच्या तशी उचलणाऱ्यांनी हा हिशोब केलेला नसतो.

मात्र त्यातून गॅसच बरा, हा निष्कर्ष निघत नाही. हवेतली उष्णता खेचणारा हीट पंप विजेच्या एका युनिटात तीन युनिटांइतकी उष्णता देतो, त्यामुळे आजच्या ग्रिडवरही तो गॅसच्या बरोबरीला येतो. पाणी गरम करायला तर तेवढ्या विजेचीही गरज नाही. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वसतिगृहांना सोलर वॉटर हीटरची अट घातलेली आहे. पावसाळ्यात ऊन नसते हे खरे. त्या दिवसांपुरता हीट पंप जोडीला ठेवता येतो. शिवाय गॅसची स्वच्छता कोळशाच्या तुलनेतलीच. तो मूलतः मिथेन असल्याने गळला तर वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींच्या आसपास तापमानवाढ करतो. त्यातच देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा आयात होतो, म्हणजे दराची दोरी परक्या बाजाराच्या हाती.

प्रयोगशाळेत बदल सोपा आहे आणि फायदा केवळ हवामानाचा नाही. ज्योत हलू नये म्हणून बर्नर पेटवताना पंखे बंद करावे लागतात. एप्रिलमधल्या प्रात्यक्षिकात ते किती सुखाचे असते, हे विद्यार्थ्यांना विचारावे! उकळणे, आटवणे, ऊर्ध्वपातन ही कामे हॉट प्लेट, वॉटर बाथ आणि हीटिंग मँटलवर होतात. ॲसिटोन-ईथरसारख्या ज्वालाग्राही द्रवांसाठी उघड्या ज्योतीपेक्षा तीच सुरक्षित. धातूंच्या ज्वाला-परीक्षेला ज्योत हवीच. तिथे एखादा बर्नर राहिला तर बिघडत नाही.

कॅन्टीनची पाळी शेवटची. इंडक्शन शेगडीत उष्णता कमी वाया जाते, तरी कोळशाच्या विजेवर तिचा कार्बन आज गॅसपेक्षा जास्तच भरतो. छतावर सौर पॅनेल असतील तर चित्र पालटते. एक किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर छत लागते आणि दिवसाला सरासरी चारेक युनिटे मिळतात. महाविद्यालयाचा दिवस उन्हाबरोबरच चालतो. उन्हाळी सुट्टीतली उरलेली वीज नेट मीटरिंगने महावितरणला देता येते. ती पॅनेल लागेपर्यंत जुन्या कॅन्टीनचा गॅस चालू द्यावा. नव्या वसतिगृहाच्या नकाशात मात्र पाणी तापवण्यासाठी गॅसची नळी दाखवू नये.