ऐकलं का?



कपाशीला पात्या-फुले लागली, की आमच्या सोनाळ्याच्या पट्ट्यात सभा सुरू होतात. समोर सतरंजीवर बसतात ते बहुतेक पुरुष. त्यांचे प्रश्नही ठरलेले असतात: कोणते औषध मारू, पंपाला किती टाकू? बाया दाराशी उभ्या. सभा मोडली की त्यांतली एखादी हळूच म्हणते, "साहेब, धुऱ्याकडच्या तासात फुलं काही बराबर उमलून नाही राहिली." मला विचाराल तर साऱ्या सभेतले कामाचे बोलणे तेच.

पाकळ्या पिळवटून मिटलेले असे फूल म्हणजे डोमकळी. तिच्यात गुलाबी बोंडअळी बसलेली असते. पुढे ही अळी कोवळ्या बोंडात शिरते, तिने पाडलेले छिद्र बुजून जाते आणि वरून बोंड चांगले दिसते. म्हणून डोमकळी दिसताच तोडून नष्ट करायची असते. 2017 साली याच अळीने विदर्भातल्या कपाशीचा घात केला. आता निंदणाला वाकलेली बाई झाड जितके जवळून पाहते, तितके पाठीवर पंप घेऊन चालणारा पाहत नाही. वेचणीत कवडी कापूस पहिल्यांदा लागतो तोही तिच्याच बोटांना.

मग घरधन्याला कळत का नाही? ती सांगते, पण आडून सांगते. "अवो, ऐकलं का? तिकडची फुलं कशीतरीच दिसतात." तो म्हणतो, "बरं, पाहू." झाले! तिला वाटते आपण सांगितले. त्याला वाटते, महत्त्वाचे असते तर नीट सांगितले असते. आडून बोलण्याला कारणही आहे. ती ठाम बोलली आणि फवारणीचा खर्च वाया गेला, तर "तूच म्हणाली होती" हे तिला वर्षभर ऐकावे लागते. पुरुषाचा अंदाज चुकला की पावसाला नाव ठेवून भागते.

आडपडदा न ठेवता बोलणारी बाई आपल्याच बुलढाण्यात होऊन गेली. ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक काढले. जो दोष बाईच्या माथी मारता तो पुरुषांत नाही काय, असे त्यांनी तोंडावर विचारले. त्यांच्यावर टीका झाली. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरी ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही निघाले नाही. तेव्हा बाया आडून का बोलतात, याचे नवल नको.

पुरुष मोकळे बोलतात असेही समजू नका. पारावर कापसाच्या भावावर तासभर बोलतील, पण सोसायटीचे कर्ज किती थकले ते घरात सांगणार नाहीत. फवारून आल्यावर डोके गरगरले तरी "काही नाही, ऊन लागलं" म्हणून खाटेवर पडतील. 2017 च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक माणसे गेली. भगिनींनो, इथे त्याच्या "काही नाही"वर विसंबू नका. उलटी, लाळ, दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या, यांतले काही दिसले तर अंगावरचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या. घरगुती उताऱ्यात वेळ घालवू नका.

आणि बंधूंनो, संध्याकाळी ती शेतातून आली की "किती निंदलं?" एवढेच विचारू नका, "आज काय दिसलं?" हेही विचारा. तिनेही "कशीतरीच" न म्हणता जागा आणि आकडा सांगावा: धुऱ्यापासून पाचवा तास, दहा झाडांवर चार डोमकळ्या. असे बोलणे टाळता येत नाही.

बोंडे धरल्यावर आठवड्यातून एकदा शेतभर फिरून वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडे तोडा आणि दोघांनी मिळून फोडून पाहा. दोन बोंडांत जिवंत अळी निघाली, तर नुकसानीची पातळी गाठली असे समजून फवारणीचे ठरवावे. हे काम अंधार पडायच्या आत ओट्यावर बसून करा. लहानपणी अळी पांढरट असते, दिव्याच्या उजेडात सरकीत चटकन दिसत नाही.