खारं पाणी आणि उघडा पत्रा
भातकुलीसारख्या खारपाणपट्ट्यातल्या गावात जुन्या जीपचा रंग घरीच काढायला घेतला, की पहिला प्रश्न पाण्याचा. पूर्णा खोऱ्यातलं बोअरचं पाणी खारं. उघड्या पत्र्यावर ते वाळलं, की मीठ तिथंच राहतं, ओलावा ओढतं आणि नव्या रंगाखाली गंज धरून फोड येतात. म्हणून शेवटची धुलाई गोड्या पाण्यानंच करा, पत्रा लगेच कोरडा पुसा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. उद्यावर ढकलू नका. घासणं मात्र ओलंच हवं, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. 2016 च्या केंद्रीय नियमांनी शिशाला 90 पीपीएमची मर्यादा घातली ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांत. गाड्यांचे रंग त्यात येत नाहीत. कोरडं घासलं की उडणारी शिशाची धूळ अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात जाते, याची मला खरी धास्ती वाटते. रंग काढायच्या काही रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं; त्याची वाफ हवेपेक्षा जड, बंद खोलीत जीवही घेते. काम उघड्यावर, सावलीत, सकाळीच करा. वैशाखातल्या वऱ्हाडी उन्हात रंग फुगायच्या आतच रिमूव्हर उडून जातो, तेव्हा वर प्लास्टिक पसरा. निघालेले पापुद्रे नालीत लोटू नका, डब्यात भरून ठेवा.