हारापलीकडे

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. रजिस्टरात क्रमांक १९१४. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आम्हीही वस्तीजवळच्या पालिका हायस्कूलमध्ये हार घेऊन जातो. तिथेच आम्ही शिकलो, नोकरीला लागलो, आणि आमची मुले मात्र इंग्रजी शाळेत घातली! दोष आमचाच, दुसऱ्या कुणाचा नाही.

यंदा आम्ही माजी विद्यार्थ्यांनी एकच हार ठेवून उरलेल्या वर्गणीतून दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका सुरू केली आहे. हेडमास्तरांनी वर्गाची किल्ली दिली. गणित शिकवणारा अजून मिळालेला नाही. बंधूभगिनींपैकी कुणी यावे. वर्गणी देणाऱ्याने पावती मागून घ्यावी. हिशेब दर पौर्णिमेला विहाराच्या फळ्यावर लागेल.