पाहुण्याने आपल्या जागी राहावं

मागच्या सेमिस्टरला मी लॅबच्या लिनक्सवर एक सिम्युलेटर कंपाइल करून थेट 'यूएसआर'मध्ये टाकला. पुढच्या अपडेटने त्याची लायब्ररी ओव्हरराइट केली आणि सबमिशनच्या आदल्या रात्री अख्ख्या ग्रुपची झोप उडाली. चूक माझीच!

'यूएसआर' ही पॅकेज मॅनेजरची जागा. आपण कंपाइल केलेलं 'यूएसआर-लोकल'मध्ये, बाहेरून तयार आलेलं 'ऑप्ट'मध्ये स्वतंत्र फोल्डर करून टाकावं. फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डच्या २०१५ च्या ३.० आवृत्तीतही हेच आहे. आपल्या कुंभात नाही का, वैष्णव रामकुंडावर, शैव त्र्यंबकच्या कुशावर्तावर. ज्याची त्याची जागा ठरलेली.

मित्रांनो, रूट पासवर्ड मिळाला म्हणजे मशीन आपल्या मालकीचं होत नाही. आपल्यानंतर तिथे ज्युनिअर्स बसणार आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.